वैशाखातील संघनिवड

गेल्या दोन महिन्यांत ह्या सदरात आम्ही मुलांचे पाठांतर आणि घरातील ग्रंथसंग्रह ह्या विषयांवर चार शब्द लिहिले. आज वाचकांस जरा मोकळ्या हवेत नेण्याचा विचार आहे. निवृत्त शिक्षकाने खेळावर काय लिहावे, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच म्हटली पाहिजे. आम्ही स्वतः लंगडीपलीकडे कोणताही खेळ धडपणे खेळलो नाही. परंतु यंदा चैत्री पौर्णिमेपासून सुमारे सहा आठवडे, पहाटे साडेपाचापासून साडेसातापर्यंत, येथील एका महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेस दगडी पायरीवर बसून मुलींच्या खो-खो संघाचा उन्हाळी सराव आम्ही पाहिला. तेथे जे दिसले ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या कानी घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमची नात यंदा त्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती आणि ह्या सरावास जाऊ लागली होती. अंधारात मुलगी एकटी कशी पाठवावी, म्हणून सोबतीचे काम आमच्याकडे आले. माहेरपणाला आलेली आमची धाकटी बहीणही दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर निघाली. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांस हे सांगावयास नको की, वैशाखात आठ वाजले म्हणजे मैदानावर उभे राहवत नाही. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. त्यामुळे जे काय करावयाचे ते सूर्य वर येण्यापूर्वी. संघाचे शिक्षक हे आमचे जुने विद्यार्थी. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांस एक जुनी वही दिली आणि म्हणाले, "गुरुजी, नुसते बसू नका. कोण किती वेळ टिकली ते लिहून ठेवा." ह्याप्रमाणे आम्ही संघाचे बिनपगारी कारकून झालो.

खो-खो हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी पाहिलेला आहे, म्हणूनच त्याच्याकडे आपण पोरखेळ म्हणून पाहतो. वस्तुतः त्याला शंभर वर्षांहून अधिक काळचे शास्त्र आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधण्यास आरंभ केला आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांस अधिक नेटके रूप दिले. त्याच खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २०२५ सालच्या जानेवारीत दिल्लीत झाली. तीत स्त्रियांच्या व पुरुषांच्या अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळचा पराभव केला. स्त्रियांनी ७८ विरुद्ध ४० आणि पुरुषांनी ५४ विरुद्ध ३६ गुणांनी. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही संघांचे नायक महाराष्ट्राचे, आणि पुरुषांच्या संघातील रामजी कश्यप हा तर आपल्याच जिल्ह्यातील वेळापूरचा. तेव्हा आम्ही ज्या पायरीवर बसलो होतो तेथून दिल्लीची वाट फार लांबची नव्हती.

आता संघाच्या स्थितीकडे वळू. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत हा संघ उपांत्य फेरीत थोडक्या गुणांनी हरला. त्या वेळी मैदानात उतरणाऱ्या नऊजणींपैकी चारजणी तिसरे वर्ष संपवून बाहेर पडल्या. गेलेल्या चारजणींत संघाची नायिका होती, खांबाशेजारी बसणारी एक चपळ मुलगी होती, आणि संरक्षणाच्या पहिल्या तुकडीतील दोघी होत्या. चार जागा रिकाम्या झाल्या इतकेच ऐकून कोणास वाटेल की, नऊतून चार वजा जाता पाच उरल्या. पण खो-खोत ही वजाबाकी अशी सोपी नसते, कारण येथे प्रत्येक जागेचे काम निराळे आहे.

आक्रमणाचे पाहा. दोन खांबांमध्ये मधली पाटी, तिच्यावर आठ चौकोन, आणि त्यांत आठजणी एकआड एक विरुद्ध दिशांकडे तोंड करून बसलेल्या. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही; एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्यावाचून बदलता येत नाही; पळणारीला मात्र कोठूनही कोठेही जाण्याची मोकळीक. म्हणून पाठलाग हा एकटीचा नसतोच. जिच्या पाठीत खो बसेल ती उठते आणि धावणारी तिच्या जागी बसते. मधल्या चौकोनांत बसणारीस कान तिखट हवेत आणि उठण्यात विजेची चपळाई हवी. खांबालगतच्या दोन चौकोनांतील मुलींस खांबाशी वेग न मोडता वळता आले पाहिजे आणि वेळप्रसंगी जमिनीवर अंग झोकून देऊन सूर मारता आला पाहिजे. एका खांबाशी बसणारी जुनी मुलगी अजून संघात आहे, आणि तिचा सूर आता पूर्वीपेक्षा हातभर लांब जातो. दुसऱ्या खांबाची जागा मात्र सहा आठवड्यांत तिघींना देऊन पाहिली. त्यांपैकी माळशिरस तालुक्यातून आलेली एक सावळी, बुटकी मुलगी शेवटच्या पंधरवड्यात तेथे रुजली. खेड्यातील क्रीडामंडळात लहानपणापासून खेळल्यामुळे तिला खांब हा शत्रू वाटत नाही, आधार वाटतो. एकंदरीत आक्रमण गेल्या वर्षाइतके, किंबहुना किंचित सरस होईल, असा आमचा अंदाज आहे. एकच दोष राहिला आहे. घाईत खो देण्याची व खो मिळण्यापूर्वीच उठण्याची खोड अजून दोघींची गेलेली नाही.

संरक्षणाचा हिशेब अधिक बिकट आहे. नऊ मिनिटांची पाळी आणि तिघीतिघींच्या तीन तुकड्या. तिन्ही तुकड्या मिळून नऊ मिनिटे निभावल्या तर उत्तम. त्यापूर्वीच नऊजणी बाद झाल्या तर पहिल्या तिघींस दमलेल्या पायांनी पुन्हा आत यावे लागते. आमच्या वहीत पहिल्या आठवड्याच्या नोंदी अशा आहेत की, वाचताना आमचेच मन खट्टू होते. पहिली तुकडी दोन मिनिटांच्या आत बाद, दुसरी दीड मिनिटात, आणि तिसरी तर आम्ही पेन्सिलीचे टोक नीट करीपर्यंत बाहेर. परंतु शेवटच्या आठवड्यात पहिली तुकडी साडेतीन मिनिटांपर्यंत आणि दुसरी अडीच मिनिटांपर्यंत टिकू लागली. तिसरीला उरलेली तीन मिनिटे अजून पेलत नाहीत. दोन मिनिटांवर ती अडते. ही सुधारणा बव्हंशी एका मुलीमुळे झाली. ती गेल्या वर्षीची शिल्लक राहिलेली, आता तिसऱ्या वर्षात जाणारी. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळण्याची जी साखळी म्हणतात ती तिने अशी साधली आहे की, पाठलाग करणारी अर्ध्यातच दमते. ती नवीन मुलींस शिकवी. आणि तिचे पाहून आमची नातही दुसऱ्या तुकडीत मिनिटभर धरू लागली. आजोबा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. वहीत तसे आहे.

एके दिवशी आमच्या बहिणीने तोंड उघडले. चार आठवडे ती मुकाट्याने पाण्याची बाटली घेऊन बसत असे. नात खांबाशी तीनदा एकाच रीतीने बाद झाली, तेव्हा ती पदर खोचून उठली, मैदानात गेली आणि म्हणाली, "अगं, टाच टेकवू नकोस. चवड्यावर राहा, आणि तिच्या तोंडाकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. खांदा आधी वळतो." शिक्षकांनी आमच्याकडे आश्चर्याने पाहिले. आम्ही वहीत मान घातली. त्याचे कारण पुढे येईल.

सरावाच्या शेवटच्या दिवशी शिक्षकांनी पंधरा नावांची यादी केली. विद्यापीठाचे सामने पावसाळ्यानंतर. परंतु जूनमध्ये महाविद्यालय सुरू होताच हीच पंधरा नावे घेऊन पुढची तयारी करावयाची होती. आम्ही यादी पाहिली तो चार नावांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केलेली. त्यांत साखळी खेळणाऱ्या मुलीचेही नाव होते. आम्ही म्हणालो, "हिच्यापुढे प्रश्नचिन्ह? हिच्याइतकी खात्रीची मुलगी संघात दुसरी कोण आहे?" ते म्हणाले, "गुरुजी, हे खेळाचे प्रश्नचिन्ह नाही. घरचे आहे. निवड मी एप्रिलमध्ये करतो. खरी निवड मे महिन्यात त्यांच्या त्यांच्या माजघरात होते. जूनमध्ये किती परत येतात ते पाहायचे."

चारही प्रश्नचिन्हांची हकीकत अशी. एकीला पुण्याच्या महाविद्यालयात हव्या त्या विषयास प्रवेश मिळण्याचा संभव होता. ती गेली तर तिच्या हिताचेच होते, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दुसरीच्या घरी आजी अंथरुणाला खिळलेली आणि आई कामावर जाणारी. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याच्या पाळीचे महत्त्व काय असते ते येथे राहणारासच कळेल; त्या दिवशी पहाटे भांडी भरण्यास घरात ही एकटीच. तिसरी म्हणजे ती साखळी खेळणारी. तिच्यासाठी स्थळ आले होते आणि लग्नसराई संपण्यापूर्वी सारे उरकावे असा वडिलांचा विचार होता. चौथे नाव आमच्या नातीचे. आमच्याच घरात तिच्या हिशेबशास्त्राच्या शिकवणीची गोष्ट चालू होती, आणि ती शिकवणी नेमकी सकाळची होती. शिक्षकांनी आम्हांस संकोचाने हे दाखविले नव्हते. पेन्सिलीची खूण मात्र त्यांनी केलेली होती.

दुसऱ्या मुलीचा मार्ग सोपा निघाला. तिच्या आईशी बोलून शिक्षकांनी ठरविले की, पाण्याच्या दिवशी तिने पहाटे यावयाचे नाही. संध्याकाळी तासभर खांबाशी एकटीने सराव करावयाचा. इतकी साधी गोष्ट सहा आठवड्यांत कोणास सुचली नव्हती, कारण कोणी तिच्या घरी जाऊन विचारलेच नव्हते. पुष्कळ प्रश्नचिन्हे ह्याच जातीची असतात.

तिसऱ्या मुलीच्या घरी आम्ही स्वतः गेलो. वडील एका खाजगी कचेरीत हिशेब लिहिणारे, अत्यंत सज्जन गृहस्थ. आम्ही आमच्या परीने सर्व सांगितले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिचे उदाहरण दिले. तिच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांच्या संघाने २०१६ सालच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंकरिता पाच टक्के जागा राखीव आहेत हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि मग म्हणाले, "गुरुजी, स्थळ चांगले आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, तेवढेच मला सांगा."

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या गृहस्थांनी सहज विचारले. परंतु आम्ही काय केले असते हे आम्हांस पक्के ठाऊक होते, कारण आम्ही ते केलेले होते.

सन १९७८. आमची बहीण तेव्हा नववीत होती. शाळेच्या खो-खो संघातून तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि बाहेरगावी सामन्यांस जाण्याकरिता पालकांची संमती मागणारा कागद घरी आला. वडिलांनी आम्हांस विचारले. आम्ही नुकतेच शिक्षकी पेशात शिरलो होतो आणि घरात आमच्या शब्दाला आमच्या योग्यतेपेक्षा अधिक वजन आले होते. त्यापूर्वी सात वर्षे, १९७१ सालीच, अचला देवरे ह्या खो-खो खेळणाऱ्या मुलीस अर्जुन पुरस्कार मिळालेला होता. म्हणजे मुलींनी हा खेळ खेळणे देशात कोणास लांच्छनास्पद वाटत नव्हते. तरीही आम्ही म्हणालो, "आता पुढच्या वर्षी मॅट्रिक आहे. हे सगळे बंद करणे बरे." कागदावर सही झाली नाही. बहीण रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती वेळेवर घरी आली, आणि त्यानंतर रोज वेळेवर घरी येत राहिली. घरातील सर्वांस आमच्या सल्ल्याचे कौतुक वाटले. मॅट्रिकला तिला जे गुण मिळाले ते खेळली असती तरी मिळाले असते, असे एक शिक्षक म्हणून आज आम्ही शपथेवर सांगू शकतो.

त्या गृहस्थांच्या घरून परत आल्यावर रात्री जेवणानंतर आमच्या घरी नातीच्या शिकवणीचा विषय निघाला. आमचे धाकटे बंधू, चिरंजीव, सूनबाई, सर्व होते. बंधूंचे म्हणणे, "खेळून पोट भरत नाही." आम्ही त्यांस प्राध्यापक दि. ब. देवधरांची आठवण दिली. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा मनुष्य. त्यांच्या नायकत्वाखाली महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. देवधरांच्या संस्कृताला क्रिकेटने काही धक्का लावला असे कोणीही म्हटलेले नाही. बंधू म्हणाले, "देवधर एखादेच." हेही खोटे नव्हते. मग सूनबाईंनी बहिणीकडे पाहून विचारले, "आत्या, तुम्ही रोज जाता मैदानावर. तुम्हांला काय वाटतं?"

बहीण क्षणभर थांबली. म्हणाली, "तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलंत म्हणून सांगते. मला काही चॅम्पियन व्हायचं नव्हतं. मला तो एक सामना खेळायचा होता. अजूनही कधी कधी वाटतं, मी किती मिनिटं टिकले असते?" आणि थोड्या वेळाने, "हिला विचारलंत का कोणी, तिला काय हवंय ते?"

खरेच कोणी विचारले नव्हते. नात दाराशी उभी होती. तिने सांगितले की, तिला शिकवणीही हवी आहे आणि खेळही. संध्याकाळची तुकडी तिने स्वतःच चौकशी करून शोधून ठेवली होती. फक्त ती चारशे रुपयांनी महाग आहे, म्हणून बोलली नव्हती. पाच मिनिटांत निकाल लागला. आम्ही त्या वेळी बहिणीस उद्देशून सर्वांसमक्ष म्हणालो, "१९७८ साली चूक माझी होती." ती एवढेच म्हणाली, "राहू दे, दादा. दूध तापत ठेवलंय, उतू जाईल." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या हिशेबनीस गृहस्थांकडे गेलो. ह्या खेपेस उदाहरणे दिली नाहीत, पाच टक्क्यांची गोष्ट काढली नाही. त्यांनी आदल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेवढे दिले, आणि त्या उत्तराबरोबर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे राहिल्यावर काय वाटते तेही सांगितले. त्यांनी मुलीस बाहेर बोलाविले आणि आमच्यादेखत विचारले. ती म्हणाली, "बाबा, स्थळाला माझा नकार नाही. तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत थांबतील का, एवढं विचारा." वडील विचारणार आहेत. पलीकडच्यांचे उत्तर हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत आलेले नाही. ते काय येईल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि न थांबणाऱ्यांस दोष देण्याचा अधिकारही आम्हांस नाही.

तेव्हा आजच्या घटकेस संघाची स्थिती अशी : चार प्रश्नचिन्हांपैकी दोन पुसली गेली, एक मुलगी पुण्यास जाणार हे निश्चित झाले, आणि एक प्रश्नचिन्ह अद्याप आहे. साखळीवाली मुलगी आली तर पहिली तुकडी भक्कम, आणि आमच्या मते हा संघ अंतिम सामन्यापर्यंत जाण्यास हरकत नाही. ती न आली तर पहिल्या तुकडीत आतापासून कोणास तयार करावे ह्याची चिंता शिक्षकांस लागलेली आहे. त्या स्थितीत उपांत्य फेरी हीच आमच्या अपेक्षेची सीमा. तिसऱ्या तुकडीवर पावसाळ्यात मेहनत घ्यावी लागेल. सरावात खो देण्याची घाई कमी झाली तर गेल्या वर्षी ज्या थोड्या गुणांनी सामना गेला ते गुण घरीच राहतील.

वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. ह्या दिवसांत पुष्कळ घरांत मुलामुलींच्या पुढील वर्षाचा विचार चालू असेल. शिकवणी, प्रवेश, स्थळ, नोकरी, सर्व गोष्टी विचारात घ्याव्यातच. आम्ही काही घरदार सोडून मैदानावर जा असे सांगत नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी ज्या मुलीविषयी तो घ्यावयाचा तिला बोलावून एकदा विचारावे, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. कित्येकदा तिने अडचणीचा तोडगा आधीच शोधून ठेवलेला असतो आणि तो चारशे रुपयांपलीकडे जात नाही.

असो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सराव पुन्हा सुरू होईल. वही आमच्यापाशीच आहे. बहीण पुढच्या आठवड्यात आपल्या घरी परत जाणार होती. काल तिने जावयास कळविले की, पहिला पाऊस पडेपर्यंत ती येथेच राहील.